मातीचा बांध : सांडव्यावर पोती रचू नका



आपल्यापैकी काहींनी ओढ्यावर पदरचे पैसे घालून मातीचे बांध घातले आहेत. उन्हाळ्यात उसाला दोन पाळ्या जादा मिळतात, याचे आम्हाला कौतुकच आहे. पण या बांधांवर जे पाहण्यात येते, त्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर का लोको नावाचा तलाव आहे. सुमारे १८९० साली तो उसाच्या पाण्यासाठीच बांधला होता. पुढे तो खाजगी मालकीत राहिला. १४ मार्च २००६ रोजी, कित्येक आठवड्यांच्या पावसानंतर, पहाटे त्याचा बांध फुटला आणि खालच्या अंगाची सात माणसे गेली. चौकशीत सांडवा जागेवर आढळला नाही. तो मातीने बुजवला गेला असावा, असे पुढे आले. शंभरावर वर्षे टिकलेला बांध असा गेला.

आपल्याकडे सांडवा कोणी बुजवत नाही. पण परतीच्या पावसाच्या तोंडावर उंबऱ्यावर पोती रचतात. "फूटभर पाणी वाढतंय की, बिघडतंय काय?" बिघडतं ते असं. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो बहुधा सोसतो. माती सोसत नाही. माथ्यावरून पडणारे पाणी मागचा उतार कापत सुटते आणि बघता बघता खिंडार पडते. ओढा रात्री चढला तर पोती काढायला कोण जाणार? सांडवा बांधाच्या कडेला, पक्क्या मुरमात किंवा खडकात काढावा. पूर वाहत असतानाही पाणी आणि माथा यांत दोन-तीन फूट अंतर राहिले पाहिजे. मासे अडवायला तिथे जाळी लावतात, तीही नको; पालापाचोळा अडकून तोंड बंद होते.

बांधणीचे थोडक्यात सांगतो. मधे चिकण मातीचा गाभा, तो पक्क्या थरापर्यंत खणलेल्या चरात उतरवलेला, दोन्ही अंगांना मुरूम. थर अर्ध्या फुटाचे, ओलवून रोलरने दाबलेले. नुसता ट्रॅक्टर फिरवून भागत नाही. बांधावर झाडे वाढू देऊ नयेत. मुळे कुजली की पाण्याला वाट होते. घुशी-खेकड्यांची बिळेही बुजवावीत. (२ जुलै २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले म्हणून लोक हसले. आपल्या बांधावरची बिळे मात्र हसण्यावारी नेऊ नका.)

मागच्या पायथ्याला थोडा निवळ पाझर असायचाच. तो गढूळ झाला किंवा एकाएकी वाढला, तर आतली माती वाहते आहे असे समजावे. तिथे चिखल थापू नये, पाणी शेजारून फुटते. आधी वाळू, वर खडी, त्यावर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी येते पण माती अडते. तळमोरी उघडून तलावातले पाणी उतरवावे. पण याच्याही आधी एक माणूस ओढ्याकाठच्या वस्त्यांवर धाडावा, आणि मोटारीच्या खोपटात कोणी झोपले असेल तर त्यालाही उठवावे.