घरासाठी मीटर कोणता घ्यावा?

प्रश्न : घरातले सॉकेट, अर्थिंग, इन्व्हर्टरची बॅटरी स्वतः तपासायची आहे. टेस्टर आहेच. स्वस्तातला मल्टिमीटर चालेल का?

उत्तर : बॅटरी, सेल, फ्यूज यांसाठी फुटपाथवर मिळणारा पिवळा डीटी-८३० चालतो. भिंतीतल्या २३० व्होल्टना मात्र तो लावू नका. अशा बऱ्याच मीटरच्या १० अँपिअरच्या खोबणीला फ्यूजच नसतो. लाल वायर चुकून तिथे राहिली आणि पिना सॉकेटात गेल्या, की थेट शॉर्टसर्किट! घरासाठी ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ असा दर्जा असलेला, ऑटोरेंजचा, नावाजलेल्या कंपनीचा मीटर घ्या. वायरींवरही तोच दर्जा छापलेला हवा. मीटर चांगला आणि वायरी भिकार, हा प्रकार सर्रास दिसतो.

सॉकेटात फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण २३० यावेत, न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दुसरा व्होल्ट. पण तेवढ्यावर अर्थिंग उत्तम आहे असे समजू नका. मीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे कमकुवत अर्थिंगही त्याला ठणठणीत दिसते. ती तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

टेस्टर ठेवा, पण दिवा लागला नाही म्हणून वायरला हात लावू नका. आधी चालू सॉकेटवर मीटर तपासा, मग बंद केलेली लाइन, मग पुन्हा चालू सॉकेट.

क्लॅम्प मीटर गीझर किंवा एसीचा करंट बघायचा असेल तरच. तो एकाच वायरभोवती लावायचा. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडलेत तर शून्य दिसेल.