हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा: सेटअप तोच आहे की बदललेला, हे दुकानात कसं ओळखायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फाईलचा हॅश काढायला शिकलो. व्हिडिओ पाहिला नसेल तरी हरकत नाही, नुसता हा लेख वाचूनही काम होईल. ज्यांच्या दुकानात बिलिंगचा एक कॉम्प्युटर आहे आणि कुणी ना कुणी येऊन त्यावर पेन ड्राइव्हवरून काहीतरी टाकून जातं, त्यांच्यासाठी हा धडा आहे.

प्रश्न साधा आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर, पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर, बिलिंगचा अपडेट अशी फाईल तुमच्यासमोर आहे. नाव बरोबर, चिन्ह बरोबर, साईजही तेवढीच वाटते. पण ही कंपनीने दिलेलीच फाईल आहे, की वाटेत कुणी त्यात काही घुसवलं? डोळ्यांनी बघून हे कळत नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

हॅश तुम्ही आधीच पाहिलेला आहे

जे ई-इन्व्हॉइस काढतात त्यांनी बिलावरचा आयआरएन आठवा. ६४ अक्षरांचा तो लांबलचक नंबर म्हणजे हॅशच आहे. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष एवढ्या माहितीवर ठरलेलं गणित चालवून तो तयार होतो. माहिती तीच असेल तर नंबर तोच येतो. बिल नंबरातला एक आकडा बदलला की सगळा नंबर बदलतो.

फाईलचंही तसंच. फाईल दोन केबीची असो की चार जीबीची, तिच्या आतल्या प्रत्येक बाईटवर गणित चालतं आणि शेवटी ठरावीक लांबीचा नंबर मिळतो. त्यात ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं असतात. आज वापरायचं गणित म्हणजे शा-२५६. स्क्रीनवर एस, एच, ए आणि पुढे २५६ असं दिसेल. त्याचा हॅश ६४ अक्षरांचा असतो.

आता हा प्रयोग करा. नोटपॅडमध्ये "येणे ५०००" लिहून फाईल सेव्ह करा आणि हॅश काढा. मग फाईलचं नाव बदला आणि पुन्हा काढा: हॅश तोच येईल, कारण गणित आतल्या मजकुरावर चालतं, नावाशी त्याचा संबंध नाही. आता फाईल उघडून एक शून्य वाढवा, सेव्ह करा आणि परत काढा. या वेळी पूर्ण ६४ अक्षरं वेगळीच दिसतील.

हॅश काढायच्या दोन पद्धती

पहिली, माऊसची. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर फाईलवर राईट क्लिक करा. "सीआरसी शा" असा मेनू दिसेल, त्यात शा-२५६ निवडा. विंडोज ११ वर आधी "शो मोअर ऑप्शन्स" दाबावं लागू शकतं.

दुसरी, काहीच नवीन टाकायचं नसेल तर. विंडोजमधल्या पॉवरशेलमध्ये "गेट-फाईलहॅश" ही कमांड आधीपासूनच असते. वेगळं काही सांगितलं नाही तर ती शा-२५६ च काढते. टाईप करायची नेमकी इंग्रजी अक्षरं व्हिडिओत स्क्रीनवर मोठी करून दाखवली आहेत.

दोन हॅश जुळवताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडून देऊ नका. दोन्ही एक्सेलच्या दोन सेलमध्ये पेस्ट करा आणि तिसऱ्या सेलमध्ये बरोबरचं सूत्र टाका. "ट्रू" आलं की जुळलं. एका ठिकाणी कॅपिटल आणि दुसऱ्या ठिकाणी स्मॉल अक्षरं असली तरी काळजी नको, हॅश तोच धरायचा.

नुसत्या नंबराला अर्थ नाही, जुळवायला यादी लागते

इथे बरेच जण अडकतात. हॅश काढला, ६४ अक्षरं आली. पुढे काय? अंगठ्याचा ठसा घेतला, पण जुळवायला आधीचा ठसाच नसेल तर तो कागद कपाटात पडून राहतो. म्हणून आधी माहीत असलेल्या फाईलींच्या हॅशची यादी लागते.

अशी सर्वात प्रसिद्ध यादी अमेरिकेत आहे. तिथल्या मेरीलँड राज्यात गेथर्सबर्ग इथे निस्ट ही सरकारी मापन-मानक संस्था आहे. तिचं नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी नावाचं काम चालतं. नावाप्रमाणे ती खरोखर लायब्ररी आहे. सॉफ्टवेअर कुठून आलं याची नोंद ठेवून ते जपून ठेवतात, त्यातली प्रत्येक फाईल वेगळी काढून तिचे हॅश घेतात आणि ती यादी मोफत प्रसिद्ध करतात.

तपास अधिकारी तिचा उपयोग असा करतात. जप्त केलेल्या कॉम्प्युटरवर लाखो फाईली असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा विंडोजच्या किंवा बाजारातल्या सॉफ्टवेअरच्या असतात. सगळ्यांचे हॅश काढून यादीशी जुळवले की ओळखीच्या फाईली बाजूला होतात. उरतात त्या माणसाने तयार केलेल्या किंवा अनोळखी फाईली, आणि तपास त्यांच्यावर होतो. एखाद्या फाईलला कुणी विंडोजच्या फाईलचं नाव देऊन लपवलं असेल तर तीही उघडी पडते, कारण नाव बदलून हॅश बदलत नाही.

आता वहीत लिहून घ्या असं वाक्य: या यादीत फाईल सापडली याचा अर्थ ती ओळखीची आहे, चांगली आहे असा नाही. हॅकिंगची आणि माहिती लपवायची काही साधनंसुद्धा त्या यादीत आहेत, कारण तीही ओळखीची सॉफ्टवेअर आहेत. आपल्या गल्लीतला प्रत्येक माणूस ओळखीचा असतो, म्हणून प्रत्येकाला आपण उधारी देतो का?

दोन खरी उदाहरणं

पहिलं, फेब्रुवारी २०१६. लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेबसाईटमध्ये हॅकर घुसले आणि डाऊनलोडची लिंक त्यांनी बदललेल्या फाईलकडे वळवली. प्रकल्पाच्या लोकांनी हे जाहीर केलं तेव्हा खऱ्या फाईलींचे हॅशही दिले आणि तुमच्याकडची फाईल जुळवून बघा असं सांगितलं. ज्याने जुळवलं त्याला पाच मिनिटांत उत्तर मिळालं.

पण थोडा विचार करा. जो माणूस साईटवरची फाईल बदलू शकतो, तो तिच्या शेजारी लिहिलेला हॅशही बदलू शकतो. म्हणून शक्य असेल तेव्हा हॅश वेगळ्या वाटेने मिळवा: कंपनीच्या सपोर्टकडून ईमेलवर किंवा अधिकृत डीलरकडून. ज्याने फाईल आणून दिली त्यानेच कागदावर हॅश लिहून दिला, तर ती तपासणी झालीच नाही.

दुसरं, २०१७. सीक्लीनर या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून वाटली गेली, तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल सहीसुद्धा होती, आणि तरीही आत घातक कोड होता. तो कंपनीत फाईल तयार होतानाच घुसला होता. कंपनीच्या फाईलशी हॅश जुळवला असता तर तो जुळलाच असता! हॅशने आपलं काम चोख केलं असतं, "ही तीच फाईल आहे" एवढंच सांगितलं असतं. ती फाईल खराब आहे की नाही, हा प्रश्न हॅशला विचारायचाच नसतो.

कोणता हॅश वापरायचा?

साईटवर तीन नावं दिसतील. लांबीवरून ओळखा: ३२ अक्षरं म्हणजे एमडी५, ४० म्हणजे शा-१, ६४ असतील तर बहुतेक शा-२५६.

एमडी५ च्या बाबतीत दोन वेगळ्या फाईलींचा एकच हॅश मुद्दाम तयार करता येतो, हे २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं. शा-१ चं तसंच प्रात्यक्षिक २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने दोन पीडीएफ फाईली वापरून केलं. डाऊनलोड अर्धवट झालं का, एवढंच बघायला हे दोन्ही अजून चालतात. पण फसवणूक पकडायची असेल तर शा-२५६ च वापरा.

आपल्या दुकानाची छोटी यादी

अमेरिकेची यादी आपल्याला रोज उपयोगी पडणार नाही. आपल्याला दहा-पंधरा फाईलींची स्वतःची यादी पुरते. माझ्या दुकानात ती अशी चालते.

१. प्रत्येक सेटअप कंपनीच्या साईटवरूनच घ्यायचा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, पत्ता स्वतः टाईप करायचा.

२. कंपनीने हॅश दिला असेल तर तो जुळवायचा. दिला नसेल तर फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये "डिजिटल सिग्नेचर्स" हा भाग उघडून सही कुणाची आहे आणि ती वैध आहे का, ते बघायचं.

३. अँटीव्हायरसने स्कॅन करायचं.

४. मग हॅश काढून रजिस्टरमध्ये नोंद करायची: फाईलचं नाव, आवृत्ती, कुठून घेतली, तारीख, शा-२५६, तपासणाऱ्याचं नाव. रजिस्टर म्हणजे एक्सेलची फाईल, आणि ती पेन ड्राइव्हवर ठेवायची नाही.

५. पेन ड्राइव्ह बाहेरून परत आला की लगेच कुठल्याही मशीनला लावायचा नाही. तपासणीसाठी ठेवलेल्या जुन्या मशीनला लावून आधी सगळे हॅश रजिस्टरशी जुळवायचे.

पाचवा नियम मुलांना सुरुवातीला जाच वाटायचा. मग एकदा एका ग्राहकाकडून परत आलेल्या पेन ड्राइव्हवर १४ पैकी १२ फाईलींचे हॅश जुळेनात. नावं तीच, चिन्हं तीच. न बदललेल्या दोन फाईली झिप होत्या, बाकीच्या बारा सगळ्या चालणाऱ्या एक्झी फाईली. यावरूनच लक्षात आलं. सॅलिटी, रॅमनिट यांच्यासारखे व्हायरस एक्झी फाईलींना स्वतःला चिकटवून घेतात. म्हणजे पेन ड्राइव्ह ग्राहकाच्या मशीनला लागला तेव्हाच हे झालं होतं. तो तसाच पुढच्या दुकानात गेला असता तर तिथलं बिलिंग, तिथली उधारीची खाती, सगळं धोक्यात आलं असतं, आणि नाव आमचं झालं असतं. आम्ही पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून मूळ साठ्यातून पुन्हा भरला. ग्राहकाला त्याच दिवशी फोन केला, कारण त्याच्या मशीनवर खरा आजार होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

हॅश जुळला नाही तर?

लगेच घाबरू नका आणि लगेच इन्स्टॉलही करू नका. क्रमाने तीन गोष्टी बघा. डाऊनलोड अर्धवट आहे का? आवृत्ती वेगळी आहे का, म्हणजे ३२ बिटची घेतली आणि ६४ बिटचा हॅश जुळवताय का? कंपनीने नवीन अपडेट काढला आहे का? नवीन आवृत्ती म्हणजे नवीन हॅश, त्यात काही वावगं नाही. या तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर फाईल बाजूला ठेवा आणि मूळ साईटवरून पुन्हा घ्या.

फाईल अनोळखी असेल तर गूगलच्या मालकीच्या व्हायरसटोटल या साईटवर हॅश पेस्ट करून शोधता येतं. तिथे कित्येक अँटीव्हायरसचं मत एकत्र दिसतं. नुसता हॅश शोधला तर तुमची फाईल तिकडे जात नाही. फाईल अपलोड केली तर ती इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोचू शकते, म्हणून ग्राहकाचा हिशोब किंवा बँकेचा डेटा तिथे कधीही चढवू नका. आणि "काही सापडलं नाही" असं आलं तर त्याचा अर्थ "ही फाईल आमच्याकडे आलेली नाही" एवढाच घ्या. त्याला क्लीन चिट समजू नका.

गृहपाठ

आज दुकान बंद करायच्या आधी वीस मिनिटं काढा. तुमच्याकडच्या सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या पाच सेटअप फाईली मूळ साईटवरून नव्याने घ्या, हॅश काढा, रजिस्टर सुरू करा. मग पेन ड्राइव्हवरच्या त्याच आवृत्तीच्या फाईलींशी जुळवा. पाचपैकी किती जुळल्या ते कमेंटमध्ये लिहा, न जुळलेल्यांची कारणं आपण पुढच्या व्हिडिओत एकेक करून बघू.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा जपा, डेटा जपा!