वाढत्या अंगाच्या मुलीस

दुर्गाघाट, वाराणसी

चि. छकुलीस,

तुझ्या आईचा फोन आला होता. यंदा उंची झपाट्याने वाढली, रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये रिबनचे गुण घसरले, म्हणून तू रात्रीचं जेवण सोडलंस. मी डॉक्टर आहे आणि तुझी आत्या आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: जेवण सोडायचं नाही.

हातपाय लांबले की फेकीचा अंदाज चुकतो, अंग ताठरल्यासारखं वाटतं. यात तुझा काही दोष नाही. काही महिन्यांत अंदाज पुन्हा बसेल. सोळाव्या वर्षी सीनियर गटात जाशील, तेव्हा रिबनही पाचाची सहा मीटर होईल. पण सरावाच्या मानाने खाणं कमी पडलं, तर पाळी बंद होते, हाडं कमजोर होतात आणि साध्या उडीनेही पायाच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. आयुष्यभराच्या हाडांचा मोठा साठा याच वयात होतो. आता राहिलेली कसर पुढे भरून निघणं फार कठीण. खाणं कमी पडून होणाऱ्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली रेड-एस असं नाव दिलं. इतकं हे सर्रास घडतं.

खाण्याचं म्हणशील तर, इथे तुलसीघाटावरच्या स्वामीनाथ आखाड्यात २०१७ पासून मुलीही कुस्तीला उतरतात. काशीच्या आखाड्यांत कसरतीइतकंच खुराकाला महत्त्व. दूध-बदामाशिवाय जोर-बैठका काढणाऱ्याला इथे कुणी शहाणा म्हणत नाही. तुमच्या खेळात मात्र सडपातळपणाचं फार कौतुक होतं, आणि मला त्याची खरोखर चीड येते.

खेळात यश मिळालं तरी खेळाची वर्षं थोडीच असतात. तुमच्या ठाण्याच्याच संयुक्ता काळेने २०२२ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं जिंकली. पूजा सुर्वे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत खेळली आणि आता मुली घडवते आहे. रशियाच्या येव्हगेनिया कानायेव्हाने २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवली आणि बाविसाव्या वर्षी खेळ थांबवला. त्यानंतरचं सगळं आयुष्य याच हाडांवर काढायचं असतं, बाळा.

वर्गातल्या ताईंना उंचीचं मोकळेपणाने सांग. अवघड फेकी काही दिवस सोप्या करून घेता येतात. पाळीची तारीख वहीत लिहीत जा. तीन महिने चुकली, किंवा नडगी एकाच जागी दुखायला लागली, तर स्पर्धा तोंडावर असली तरी आधी मला फोन कर. मी आईशी बोलेन.

तुझी,
आत्या