पत्रकलेखकांच्या संकेतस्थळाची नवी मांडणी

धरमपेठेलगत महाराजबागेत १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय आहे. अशा संस्थांचे संशोधन गावी पोहोचते ते पत्रकांतून. पत्रकलेखक आता माहिती घेतो संकेतस्थळावरून. म्हणून त्या स्थळाची मांडणी विभागवार न करता पीक, हंगाम व कीड या क्रमाने करावी. गुलाबी बोंडअळीवर लिहू पाहणाऱ्यास ‘कीटकशास्त्र विभाग’ हे नाव काय सांगणार?

फवारणीच्या पानावर औषधाच्या मात्रेआधी हातमोजे, मुखपट्टी व डब्यावरील त्रिकोणाचा अर्थ द्यावा. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले.

प्रत्येक पानावर तपासणीची तारीख असावी. बंदी आलेल्या औषधाचे पान पुसू नये. त्यावर ‘वापर बंद’ असे ठळक लिहावे, कारण जुने पत्रक कोणाच्या तरी घरी जपलेले असतेच.