बंगला अजून आजोबांच्याच नावावर

माथेरानचे जुने बंगले पावसाने पडतात, असं म्हणायची पद्धत आहे. आमचा पडला तो सही करायला कोणी नव्हतं म्हणून.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर हेरला. मग इंग्रज साहेबांनी आणि त्यांच्यामागून मुंबईच्या पारशी, बोहरी, गुजराती शेटजींनी इथे बंगले बांधले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी आणली आणि मध्यमवर्गही वर येऊ लागला. स्वातंत्र्यानंतर अनेक शेटजींची घरं विकायला निघाली, त्यातलं एक आजोबांनी घेतलं. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, लांबलचक व्हरांडा. जमीन मात्र सरकारची, भाडेपट्ट्याची. आजोबा स्वतः वकील; अशिलांची मृत्युपत्रं करता करता स्वतःचं करायचं राहून गेलं.

माथेरानात घर टिकवणं हे दरवर्षीचं काम आहे. मे संपता संपता कौलं चाळायची, माकडांनी सरकवलेली बसवायची, फुटलेली बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, व्हरांड्याला ताडपत्री बांधायची. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे पुढे सिमेंटची गोणीसुद्धा घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीने जाते. खालच्या दराने वरचा हिशेब मांडू नये. एक पावसाळा कौलं चाळली नाहीत तर वाशात पाणी मुरतं. दुसऱ्या वर्षी वाळवी.

हे सगळं काका एकहाती बघायचे. भावांनी त्यांना कुलमुखत्यारपत्र दिलं होतं, म्हणून कोणाला काळजी नव्हती. पण मुखत्यारपत्र देणारा गेला की त्याच्यापुरतं ते संपतं. एकेक भाऊ गेला, काकांच्या हातातला कागद त्या त्या हिश्शापुरता निकामी होत गेला आणि शेवटी काकाही गेले. आढं वाकलं तेव्हा मोठी दुरुस्ती हवी होती. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा अशा कामाला रीतसर परवानगी घ्यावी लागते. अर्ज कोणाच्या नावाने करायचा? मिळकत पत्रिकेवर आजोबाच होते. वारस मोजायला बसलो तेव्हा काही पुण्यात, काही बडोद्याला, दोघं अमेरिकेत. आणि आत्याचं काय, यावर घरात शांतता.

आत्याने ‘मला काही नको’ असं सर्वांसमक्ष सांगितलं होतं, हे खरं. कायद्यात त्या बोलण्याला अर्थ नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच वारस असते. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ते झालं नव्हतं. आत्या गेल्यावर तिचा हिस्सा तिच्या यजमानांकडे आणि मुलांकडे गेला. त्यांनी अडवलं नाही, पण सही करण्याआधी विचारपूस केली. का करू नये? इतकी वर्षं त्यांना मे महिन्यात कोणी बोलावलंही नव्हतं. पत्रव्यवहार चालू असतानाच छप्पर बसलं.

तुमचं असं घर पाचगणीला असो, लोणावळ्याला असो की महाबळेश्वरला, आधी मिळकत पत्रिकेचा आणि भाडेपट्ट्याचा ताजा उतारा काढा. पट्ट्याची मुदत कधी संपते, हस्तांतराला कलेक्टरांची परवानगी लागते का, हे स्वतः वाचा. ‘ते बघून ठेवलंय’ या उत्तरावर विसंबू नका. वारस नोंद करून घ्या, पण तिने मालकी सिद्ध होत नाही हेही लक्षात ठेवा. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. एकत्र ठेवायचं असेल तर खर्चाची वर्गणी, मे महिन्याच्या पाळ्या आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याचा हिस्सा कोणी, कोणत्या किमतीला घ्यायचा, हे लिहून काढा. प्रेम आहे म्हणून लिहायची गरज नाही, असं म्हणणारा वडीलधारा प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका.

घर राखणाऱ्या माळ्याचाही कागद करा. राखणदार कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण निकाल लागेपर्यंत दोन्हीकडची आयुष्यं जातात. लेखी करार आणि महिन्याच्या महिन्याला बँकेतून पगार, हे त्याच्याही भल्याचं आहे.

आणि हे सगळं ‘पुढच्या मेमध्ये बसू’ म्हणून ढकलू नका. घरातला सर्वांत वयस्कर वारस कोण ते बघा आणि सह्यांची सुरुवात त्यांच्यापासून करा.