नामानंतरचे प्रिपोझिशन : ‘मागणी’ कोणाची आणि कशाची?



आपल्यापैकी अनेक जण पालघर-बोईसर परिसरात नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कचेरीत इंग्रजी मजकूर लिहिताना ‘चा-ची-चे’ या प्रत्ययांसाठी आपण सर्रास ‘ऑफ’ योजतो. ही सवय कोठे फसते, ते या घटकात पाहू.

१. एक प्रत्यय, अनेक संबंध

तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लिपिकाला लिहायचे आहे : ‘कामगारांची मागणी वाढली आहे.’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. कारखान्यांना अधिक कामगार हवे आहेत, हा पहिला. कामगार स्वतः काही अधिक मागत आहेत, हा दुसरा. पहिल्या अर्थी कामगार हे मागण्याच्या क्रियेचे कर्म, दुसऱ्या अर्थी कर्ते. मराठीत षष्ठीचा एकच प्रत्यय दोन्ही संबंध दाखवतो. अर्थ संदर्भावरून कळतो. इंग्रजीत पहिल्या अर्थी ‘डिमांड फॉर वर्कर्स’ असे हवे. ‘डिमांड ऑफ द वर्कर्स’ म्हटले, की वाचणारा दुसरा अर्थ घेतो. भरतीसाठी लिहिलेले पत्र संपाची पूर्वसूचना वाटावे, एवढा फरक एका लहानशा शब्दाने पडतो.

२. नामागणिक प्रिपोझिशन

‘अपघाताचे कारण’ आणि ‘उशिराचे कारण’ यांत मराठी रचना एकच आहे. इंग्रजीत मात्र ‘कॉज ऑफ द ॲक्सिडेंट’ आणि ‘रीझन फॉर द डिले’. ‘कॉज’ म्हणजे परिणाम घडवणारी गोष्ट. ‘रीझन’ म्हणजे त्या गोष्टीचे स्पष्टीकरण. दोन्ही नामे अर्थाने जवळची असली, तरी प्रत्येकाची सोबत वेगळी आहे.

३. मराठीचा आधार कोठवर?

‘तापमानात ५ अंशांची वाढ’ हा शब्दसमूह पाहा. जे वाढले त्याला ‘त’, जितके वाढले त्याला ‘ची’. इंग्रजीतही तसेच : ‘इनक्रीज ऑफ फाइव्ह डिग्रीज इन टेम्परेचर’. येथे मातृभाषा वाट दाखवते. पण आपण विश्वास माणसा‘वर’ ठेवतो, तर इंग्रजीत ‘ट्रस्ट’नंतर ‘इन’ येते. विश्वासाला ‘वर’ आणि भीतीला ‘ची’ हे आपल्याला कोणी शिकवले नाही. ते कानांनी शिकवले. इंग्रजीसाठी तो कान वाचनाने घडवावा लागतो. म्हणून नवे नाम वहीत टिपताना ते एकटे न टिपता त्याच्या प्रिपोझिशनसह टिपा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

पुढील शब्दसमूहांसाठी योग्य इंग्रजी रचना सांगा.
(अ) पाण्याची टंचाई
(आ) पाण्याची गरज
(इ) रजेची विनंती

उत्तरे : (अ) शॉर्टेज ऑफ वॉटर (आ) नीड फॉर वॉटर (इ) रिक्वेस्ट फॉर लीव्ह

तिन्ही ठिकाणी मराठीत ‘ची’च आहे, हे ध्यानात घ्या.