‘सद्गती’ : एका लघुचित्रपटाचे रसग्रहण



कवितेचे आणि कथेचे रसग्रहण तुम्ही केलेले आहे. चित्रपट पाहतानाही आपले मन हेलावते. पण ते कशामुळे हेलावले, असे कोणी विचारले की आपण ‘फारच हृदयस्पर्शी होता’ एवढेच म्हणून थांबतो. या पाठात आपण त्या उत्तराच्या पुढे जाणार आहोत. एक लहानसा, वास्तववादी चित्रपट घेऊन तो प्रेक्षकाच्या भावना कशा जागृत करतो, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

त्यासाठी निवडलेला चित्रपट आहे सत्यजित राय यांचा ‘सद्गती’. प्रेमचंदांच्या याच नावाच्या हिंदी कथेवर आधारलेला हा चित्रपट राय यांनी 1981 मध्ये दूरदर्शनसाठी तयार केला. त्याची लांबी तासाभराहून कमी आहे. ‘शतरंज के खिलाडी’ (1977) नंतरची ही त्यांची दुसरी हिंदी कलाकृती. तिचे चित्रीकरण रायपूर परिसरातील खेड्यांत झाले. तो भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य झाले ते 2000 साली. दुखीच्या भूमिकेत ओम पुरी, त्याची पत्नी झुरिया म्हणजे स्मिता पाटील, पंडिताच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे आणि पंडिताच्या पत्नीच्या भूमिकेत गीता सिद्धार्थ आहेत. गोंड माणसाचे काम राजनांदगावचे भैयालाल हेडाऊ यांनी केले आहे. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात नाना फडणवीस साकारणाऱ्या आगाशे यांच्या वाट्याला येथे आलेल्या पंडिताचे नाव घासीराम असावे, हा एक गमतीचा योगायोग!

कथानक

कथानक चार-पाच वाक्यांत सांगता येईल इतके साधे आहे. दुखी हा चर्मकार जातीतील गरीब माणूस. मुलीची सोयरीक ठरवायची आहे, म्हणून मुहूर्त काढून घेण्यासाठी तो गावातील पंडिताकडे जातो. नुकताच तो तापातून उठला आहे आणि पोटात अन्न नाही. पंडित येण्याचे कबूल करतो. मात्र त्याआधी त्याला कामे सांगतो. झाडलोट कर, भुसा वाहून आण आणि शेवटी अंगणाबाहेर पडलेला भला मोठा ओंडका फोड. ओंडका फुटत नाही. भर उन्हात कुऱ्हाड चालवता चालवता दुखी कोसळतो आणि मरतो. प्रेत पंडितांच्या वस्तीच्या पाणवठ्याच्या वाटेवर पडलेले आहे. पोलीस चौकशीच्या भीतीने दुखीच्या वस्तीतील लोक ते उचलायला येत नाहीत आणि पंडिताला त्याला शिवायचे नाही. अखेरीस कोणी पाहत नसताना पंडित प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवतो, ते गावाबाहेर ओढत नेऊन टाकतो आणि परत येऊन जागा पवित्र करण्यासाठी पाणी शिंपडतो.

आता शीर्षक पुन्हा वाचा. सद्गती म्हणजे मृत्यूनंतर मिळणारी उत्तम गती. शीर्षक आणि शेवट यांच्यामधील या विसंगतीला आपण उपरोध म्हणतो. चित्रपट संपल्यावर हा शब्द मनात टोचत राहतो. भावना जागवण्याचे पहिले साधन दिग्दर्शकाने चित्रपट सुरू होण्यापूर्वीच वापरलेले आहे.

प्रेक्षकाला माहीत असते, पंडिताला नसते

दुखी आजारी आहे आणि उपाशी आहे, या दोन गोष्टी आपल्याला सुरुवातीलाच कळतात. झुरियाला त्याची काळजी वाटते. तो मात्र परत आल्यावर खाऊ अशा विचाराने निघतो. पुढे काय होणार हे कोणी सांगत नाही. परंतु यानंतर पंडिताने सांगितलेले प्रत्येक काम आपण त्या उपाशी पोटाच्या हिशेबाने मोजू लागतो. झाडू हातात घेतला तेव्हा आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होते. भुसा वाहताना अस्वस्थता वाढते. ओंडका दिसतो तेव्हा धास्ती वाटते.

पंडित ‘तू जेवलास का?’ असे विचारत नाही. तो क्रूर हसत नाही, चाबूक उगारत नाही, फार ओरडतही नाही. तो आपले जेवण जेवतो आणि विश्रांती घेतो. मला वाटते, या चित्रपटाची खरी ताकद येथे आहे. खलनायक राक्षसासारखा दाखवला असता, तर आपण ‘असली माणसे आपल्यात नसतात’ असे म्हणून निश्चिंत झालो असतो. आगाशे यांचा पंडित मात्र आपल्या सोयीत मग्न असलेला साधा गृहस्थ आहे. म्हणूनच त्याच्याबद्दलच्या संतापाबरोबर एक अडचणीचा प्रश्नही मनात येतो: दारात काम करणाऱ्या माणसाला आपण तरी कधी विचारले होते का?

वस्तू बोलतात

वास्तववादी चित्रपटात भावना बहुधा संवादांतून सांगितल्या जात नाहीत. त्या वस्तूंना आणि कृतींना चिकटून येतात. ‘सद्गती’मध्ये अशा वस्तू मोजक्याच आहेत. दुखीने भेट म्हणून आणलेला गवताचा भारा, चिलीम, विस्तव, कुऱ्हाड, ओंडका, दोरी. यांतील विस्तवाचा प्रसंग नीट पाहा. चिलीम पेटवण्यासाठी दुखी विस्तव मागतो आणि पंडिताची पत्नी तो दुरूनच त्याच्याकडे फेकते. प्रेमचंदांच्या कथेत ठिणगी त्याच्या डोक्यावर पडते. आणि ब्राह्मणाचे घर आपण विटाळले, त्याचीच ही शिक्षा, असे तो मनाशी म्हणतो. कथाकाराला पात्राच्या मनात शिरता येते. कॅमेऱ्याला ते जमत नाही. त्यामुळे कथेत जे काम एका वाक्याने केले, ते येथे अंतर करते. दोन माणसांमधले काही हातांचे अंतर, आणि त्यातून उडत आलेला निखारा. अस्पृश्यतेची व्याख्या सांगणारा परिच्छेद यापुढे फिका वाटेल.

ओंडक्याचेही तसेच. त्यात गाठ आहे आणि कुऱ्हाड तिच्यावर आपटून परत येते. गोंड माणूस त्याला तंबाखू देतो, स्वतः घाव घालून पाहतो. त्यालाही जमत नाही. तेव्हा प्रेक्षकाला खात्री पटते की दोष दुखीच्या ताकदीत नाही, कामच अशक्य आहे. यानंतर दुखी पुन्हा कुऱ्हाड उचलतो तेव्हा त्याच्या घावांमध्ये राग उतरू लागतो. घाव वाढत जातात, वेग वाढतो. राग पंडितावर आहे, पण तो पडतो लाकडावर. ओम पुरींचा चेहरा येथे फार काही ‘करत’ नाही. तरी आपण त्यात भूक, अपमान, संताप सारे वाचतो.

हे कसे घडते? 1920 च्या सुमारास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एक प्रयोग केल्याचे सांगितले जाते. एका नटाच्या भावहीन चेहऱ्याचे एकच दृश्य त्यांनी कधी सूपच्या वाडग्याशी, कधी शवपेटीशी जोडले. आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक, कधी दुःख दिसले. म्हणजे भावनेचा काही भाग प्रेक्षक स्वतः भरतो. दिग्दर्शक त्यासाठी फक्त जागा मोकळी ठेवतो.

पाठगत प्रश्न: विस्तवाच्या प्रसंगात संवाद वाढवले असते, तर परिणाम वाढला असता की कमी झाला असता? चार-पाच वाक्यांत कारण लिहा.

कोण पाहतो, यावरही अवलंबून

आपल्या परंपरेत याला साधारणीकरण म्हणतात. पडद्यावरचे दुःख एका व्यक्तीचे न राहता सहृदय प्रेक्षकाचे होते. पण प्रत्येक प्रेक्षक आपापले आयुष्य बरोबर घेऊन येतो. रायपूर शहराच्या उत्तरेकडे, बिरगावला लागून उरला हे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे पोलादाचे कारखाने, रोलिंग मिल आहेत. ज्या परिसरात दुखीची कुऱ्हाड चित्रित झाली, तेथून हे कारखाने फार दूर नाहीत. उरला येथील एखादा कामगार पाळी संपवून हा चित्रपट पाहत आहे, अशी कल्पना करा. जड हत्यार रिकाम्या पोटी उचलले की खांद्यापासून मनगटापर्यंत काय होते, हे त्याला कॅमेऱ्याने समजावण्याची गरज नाही. शहरातील कार्यालयात बसणाऱ्या प्रेक्षकाला दुखीची दया येईल. या कामगाराला कदाचित दयेऐवजी ओळख पटेल. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. पण रसग्रहण लिहिताना आपली प्रतिक्रिया यांपैकी कोणती, हे प्रामाणिकपणे पाहावे.

करुण की रौद्र?

भरताच्या नाट्यशास्त्रानुसार करुण रसाचा स्थायी भाव शोक, तर रौद्राचा क्रोध. ‘सद्गती’ कोणत्या रसाचा चित्रपट आहे? पावसात झुरिया नवऱ्याच्या प्रेताजवळ येऊन आक्रोश करते, तो प्रसंग करुणाचा कळस आहे. संयत अभिनयाने बांधलेल्या या चित्रपटात मोकळा आक्रोश हाच एक, म्हणून तो एवढा भिडतो. स्मिता पाटील यांनी सुरुवातीपासून रडका सूर लावला असता, तर या क्षणाला काही उरले नसते.

परंतु चित्रपट येथे संपत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. रडून मन हलके झाले असते, तेवढ्यात दोरी येते. पंडित प्रेताला न शिवता ते ओढतो, तेव्हा अश्रू आटतात आणि त्यांची जागा संताप घेतो. प्रेमचंदांच्या कथेत शेवटी निवेदकाचा एक उपरोधिक शेरा आहे. दुखीच्या आयुष्यभराच्या भक्तीचे आणि निष्ठेचे हेच फळ, अशा अर्थाचा. राय यांनी निवेदक घेतला नाही. त्यांनी पंडिताला पाणी शिंपडताना दाखवले. शेरा मारण्याचे काम आता आपल्याकडे आले.

याच छत्तीसगडच्या मातीतील दुसरी एक कथा तुलनेसाठी उपयोगी पडेल. रायपूर आणि नागपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते, त्यामुळे या भागाशी मराठी घराण्यांचा संबंध जुना. अशाच मराठी घराण्यातील माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि 1901 मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापली. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावलेली असते. ती चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलून देण्याची विनंती करते. त्याला टोपली उचलत नाही. तेव्हा एवढा भार पेलत नाही तर सगळ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलाल, असे ती विचारते. जमीनदार पश्चात्ताप पावतो. ही कथा वाचून डोळे पाणावतात आणि मन शांत होते. ‘सद्गती’मध्ये पंडिताला पश्चात्ताप होत नाही, म्हणून आपल्यालाही शांतता मिळत नाही. भावना जागवणे आणि ती शमवणे ही दोन वेगळी कामे आहेत. वास्तववादी कलाकृती दुसरे काम अनेकदा जाणूनबुजून टाळते.

एक आक्षेप

दुखी शेवटपर्यंत पंडिताला उलट बोलत नाही. त्याचा राग लाकडात जिरतो आणि तो मरतो. असे चित्रण पाहून सवर्ण प्रेक्षकाला हळहळण्याचे समाधान मिळते, दलित माणूस मात्र केवळ दयेचा विषय ठरतो, असा आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. गोंड माणूस वस्तीत जाऊन प्रेत उचलू नका असे सांगतो, हा प्रतिकार चित्रपटात आहे. पण तो कडेला आहे.

मराठीत नागराज मंजुळे यांनी हे केंद्र बदलले. पारधी मुलाची शाळेची ओढ दाखवणारा त्यांचा लघुपट ‘पिस्तुल्या’ (2009) आणि नंतरचा ‘फँड्री’ (2013) पाहा. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकाच्या दिशेने येतो. दुखीचा घाव ओंडक्यावर पडला होता. जब्याचा दगड आपल्यावर येतो. माझ्या मते दुसरा शेवट अधिक धाडसी आहे, तरी पहिल्याची बोच अधिक काळ टिकते. तुमचे मत वेगळे असू शकेल. मात्र ते प्रसंगांच्या आधाराने मांडा.

लिहिताना

‘हा चित्रपट मनाला चटका लावतो’ असे वाक्य शेकडो चित्रपटांना लागू पडते. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘दुखी उपाशी आहे हे आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे, पंडित जेवायला बसतो तेव्हा त्या साध्या दृश्याचाही आपल्याला राग येतो.’ या वाक्यात प्रसंग आहे, भावना आहे आणि त्या दोहोंना जोडणारे कारणही आहे. तांत्रिक शब्द आले नाहीत तरी चालतील. कारण मात्र यायला हवे.

स्वाध्याय

1. ‘सद्गती’ या शीर्षकातील उपरोध स्पष्ट करा.
2. पंडिताचे पात्र राक्षसी न रंगवल्यामुळे प्रेक्षकावर कोणता परिणाम होतो, ते सोदाहरण लिहा.
3. पंडिताच्या पत्नीच्या जागी स्वतःला ठेवून, ओंडका फोडण्याच्या आवाजाबद्दल तिच्या मनात काय आले असेल ते दहा ओळींत लिहा.
4. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा वस्तीत पाहिलेला एखादा प्रसंग दहा मिनिटांच्या लघुपटासाठी निवडा. त्यात संवाद कमीत कमी ठेवून कोणत्या वस्तू दाखवाल आणि शेवटचे दृश्य कोणते असेल, ते लिहा.